वाचक विचारतात: पायाला भिंगरी, पोटाला घेर

फिरतीच्या नोकरीत वजन कसं आटोक्यात ठेवायचं, याबद्दल बरीच पत्रं आली. त्यातली पाच इथे घेतली आहेत. उत्तरं आहारतज्ज्ञ आणि व्यायाम प्रशिक्षक यांनी मिळून दिली आहेत.

प्रश्न: मी औषध कंपनीत एमआर आहे, म्हणजे डॉक्टरांना औषधांची माहिती देत फिरणारा प्रतिनिधी. सांगली, जत, पंढरपूर अशी फिरती. महिन्यातला निम्मा मुक्काम लॉजवर. वय ३६, उंची १६८ सेंमी, वजन ८८ किलो, शाकाहारी. दुपारी जेवायला मिळतच नाही, तरी वजन वाढतंय. जिम लावली की दौरा लागतो आणि पैसे बुडतात. काय करू?

उत्तर: दुपारी जेवत नाही म्हणूनच वाढतंय. ओपीडी संपेपर्यंत तीन वाजतात. चार वाजता टपरीवर दोन वडापाव होतात, म्हणजे साधारण ६०० कॅलरी. रात्री साडेदहाला लॉजखालच्या हॉटेलात पनीर मसाला, चार बटर रोट्या आणि जिरा राईस मागवला की त्या एका ताटात १२०० कॅलरी सहज जातात. शिवाय चहा. अर्ध्या कपात दोन चमचे साखर आणि दूध धरलं तरी ६० ते ७० कॅलरी होतात. दिवसभरात केमिस्ट, कंपाउंडर, स्टॉकिस्ट यांच्याबरोबर सात चहा झाले की साडेचारशेच्या आसपास हिशेब जातो. तुमच्या वयाला, वजनाला आणि अशा कामाला दिवसाला सुमारे २४०० कॅलरी पुरतात. वजन उतरायचं तर १९०० च्या आसपास राहायला हवं. थोडक्यात, कमी करायच्या पाचशेतला मोठा वाटा एकट्या चहातच आहे.

टपरीवर ‘बिनसाखरेचा द्या’ म्हणून उपयोग नसतो, पातेल्यातला चहा आधीच गोड असतो. म्हणून कपांची संख्याच कमी करा: सकाळी एक, दुपारी एक. बाकी ठिकाणी ‘आत्ताच झाला’ म्हणावं, समोरच्याला राग येत नाही. उन्हाळ्यात ताक मागितलं तर उलट कौतुकच होतं.

आता डबा. घरून निघता त्या दिवशी दोन पोळ्या, मटकीची किंवा हरभऱ्याची सुकी उसळ आणि काकडी. उसळीत ओलं खोबरं नको आणि डबा गरम असताना झाकण लावू नका. आत वाफ धरते, तिचं पाणी होतं आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी एकपर्यंत उसळ आंबते. हा डबा गाडीवर बसून खायला लागला तरी चालेल, पण दोनच्या आत खा. मुक्कामाच्या दिवशी डबा नसतो, म्हणून बॅगेत फुटाण्यांची पुडी कायम हवी. ४० ग्रॅम, म्हणजे दीड मूठ फुटाण्यांत सुमारे १५० कॅलरी आणि ८ ग्रॅम प्रथिनं मिळतात. पाच वाजता ते खाल्ले की रात्री हॉटेलात मेन्यूकार्ड उघडताना डोकं ठिकाणावर राहतं. शेंगदाणे वाईट नाहीत, पण तेवढ्याच वजनात कॅलरी दीडपटीच्या आसपास भरतात, आणि पुडी संपेपर्यंत हात थांबत नाही.

रात्री साधी डाळ (तडका वेगळा नको), दोन बिनबटरच्या तवा रोट्या, पालक किंवा मिक्स भाजी कमी तेलात, काकडी-टोमॅटो, दही. सगळं मिळून साडेसहाशे कॅलरी. ‘तेल कमी’ एवढंच सांगितलं की वेटर मान हलवतो आणि आत काही बदलत नाही. ‘वरचा तवंग काढून द्या’ म्हटलं की निदान तेवढं तेल जातं. एका मोठ्या चमच्यात १२० कॅलरी असतात, त्यामुळे हा हट्ट धरण्यासारखा आहे.

शाकाहारी माणसाचं घोडं प्रथिनांवर अडतं. तुम्ही दिवसाला ७० ते ७५ ग्रॅम धरा. मुगाची धिरडी (६० ग्रॅम मूग) १४, एक पेला दूध ८, दुपारची दीड वाटी उसळ ११, चार पोळ्या १२, फुटाणे ८, रात्रीची डाळ ७, आणि ७५ ग्रॅम पनीर १४. पनीर हॉटेलच्या ग्रेव्हीतलं नको. तालुक्याच्या गावातही डेअरीत साधं मिळतं, तेच मीठ-मिरपूड लावून खा. प्रथिनं कमी पडली तर वजन उतरतं खरं, पण त्यात स्नायूही झिजतात. मग माणूस बारीक दिसतो आणि जिना चढताना धापा टाकतो.

जिमचं सदस्यत्व तूर्त सोडा. लॉजच्या खोलीत वीस मिनिटं, आठवड्यातून तीनदा, एक दिवस आड. अंघोळीआधी. आधी खुर्चीला टेकेपर्यंत बसून उठायचं, १२ वेळा. गुडघे आत वळत असतील तर पावलं थोडी बाहेर फिरवा. टाचा उचलल्या जात असतील तर घोटे आखडलेले आहेत, टाचांखाली वही ठेवा. मग जोर. जमिनीवर नकोत, भिंतीला टेकवलेल्या टेबलाच्या कडेवर हात ठेवून १०. पलंगाची कड वापरू नका, गादी दबते आणि मनगट मुडपतं. कंबर खाली झोळीसारखी लोंबली तर संख्या कमी करा, पण अंग सरळ ठेवा. तिसरा व्यायाम तुमच्या डिटेलिंग बॅगेचा, म्हणजे डॉक्टरांना दाखवायच्या साहित्याच्या बॅगेचा. ती साहित्यासकट सहा-सात किलोंची असते. एक हात खुर्चीवर, पाठ सपाट, बॅग कमरेकडे ओढायची, प्रत्येक हाताने १२ वेळा. दिवसभर दुचाकीवर वाकून बसलेल्या पाठीला यातूनच आधार मिळतो. मग उताणं झोपून, गुडघे मोडून कंबर उचलायची, १५ वेळा. शेवटी तीच बॅग एका हातात धरून, ताठ उभं राहून व्हरांड्यात ४० पावलं, मग हात बदला. असे तीन फेरे, मध्ये मिनिटभर थांबून. ‘अजून दोनदा झालं असतं’ असं वाटतं तिथे थांबा. पंधरा सहज जमायला लागले की संख्या वाढवू नका, खाली जाताना तीन अंक मोजत सावकाश जा.

चालण्यासाठी वेगळा वेळ काढायला नको. गावात पोचलात की गाडी एकदाच लावा आणि दवाखाने पायी करा. बाजारपेठेच्या गावात सगळे डॉक्टर एक-दीड किलोमीटरच्या परिघात असतात. रोजची सात-आठ हजार पावलं यातच होतील.

पहिलं लक्ष्य तीन महिन्यांत चार-पाच किलो. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० कॅलरी, त्यामुळे कागदावर आठवड्याला अर्धा किलो उतरायला हवं. प्रत्यक्षात दौरे, लग्नं, महिनाअखेरची धावपळ धरून थोडं कमीच उतरतं.

प्रश्न: चार दिवसांच्या दौऱ्यात खाण्यावर बऱ्यापैकी ताबा ठेवला, तरी परतल्यावर काटा १.८ किलो जास्त दाखवतो. मग उत्साहच जातो.

उत्तर: चार दिवसांत तेवढी चरबी चढायला गरजेपेक्षा जवळजवळ चौदा हजार कॅलरी जास्त खाव्या लागतील. ताबा ठेवणाऱ्याच्याने ते होत नाही. हे बरंचसं पाणी आहे. हॉटेलच्या जेवणातल्या मिठाने अंगात पाणी थांबतं. भात-रोटीतून स्नायूंत साठलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (म्हणजे साखरेच्या साठ्याबरोबर) तीनेक ग्रॅम पाणी राहतं. बसून प्रवास झाल्यामुळे पोटही साफ नसतं. पाळीच्या आधीच्या दिवसांत बायकांना यात आणखी भर पडते. परतल्यावर तिसऱ्या सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, उपाशीपोटी वजन करा. आणि दर पंधरवड्याला बेंबीच्या पातळीवर टेप लावून पोटाचा घेर मोजा. पुरुषांनी ९० सेंमीच्या आणि बायकांनी ८० सेंमीच्या आत राहावं, असं आपल्याकडच्या लोकांसाठी धरलं जातं.

प्रश्न: एसटीत चालक आहे. लांब पल्ल्याची गाडी, आठवड्यात तीन मुक्काम. थांब्यावरच्या हॉटेलात आम्हाला जेवण फुकट असतं, त्यामुळे भूक नसली तरी बसतो. वजन ९४. कंबर धरते आणि दुपारी डोळे जड होतात.

उत्तर: फुकटचं ताट नाकारणं कुणालाच सोपं नाही, म्हणून नाकारू नका, बदलून घ्या. तिथे पोहे, उसळ, भाकरी, अंडी, ताक यांतलं काही ना काही असतंच. भजी, पुरी आणि भाताचा डोंगर सोडा. दिवसात दोन थांबे असतील तर जेवण एकाच थांब्यावर. दुसरीकडे ताक घ्या आणि गाडीभोवती चार चकरा मारा, टायर बघायचे असतातच.

दुपारी एक ते चारच्या दरम्यान शरीराला तशीही सुस्ती येते. त्यावर भरपेट भात पडला की झापड ठरलेली. एक भाकरी, भाजी, डाळ एवढ्यावर स्टिअरिंग धरा, उरलेली भूक मुक्कामाला भागवा.

पण तुमच्या पत्रातली झापड आम्हाला वजनापेक्षा जास्त काळजीची वाटते. झोपेत मोठ्याने घोरता का, श्वास अडकून दचकून जागे होता का, हे मुक्कामाला शेजारी झोपणाऱ्या वाहकाला विचारा. उत्तर ‘हो’ आलं आणि मानेचा घेर १६ इंचांच्या पुढे असेल तर कान-नाक-घसा किंवा छातीच्या डॉक्टरांकडे जाऊन झोपेची तपासणी करून घ्या. झोपेत श्वास थांबण्याच्या या विकारात आठ तास पडूनही झोप पुरी होत नाही. चालकाच्या बाबतीत हा प्रश्न त्याच्या एकट्याचा राहत नाही.

पाणी कमी पिता का? बरेच चालक लघवीला थांबावं लागू नये म्हणून पीत नाहीत, त्यातून मुतखडा होतो. तहान आणि भूक यांची गल्लतही होते. लघवी गडद पिवळी असेल तर पाणी कमी पडतंय. एकदम लिटरभर पिण्यापेक्षा दर थांब्यावर पाव लिटर प्या.

कमरेसाठी आसन एवढं पुढे घ्या, की क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहील आणि पाठ टेकलेली. थांब्यावर उतरल्याबरोबर पुढे वाकू नका. बराच वेळ बसून आणि हादरे खाऊन मणक्यांमधल्या गाद्यांवर ताण आलेला असतो. दोन मिनिटं चाला, मग कमरेवर हात ठेवून पाच-सहा वेळा हलकेच मागे झुका. पायात मुंग्या किंवा बधिरपणा येत असेल तर आधी डॉक्टर, मग व्यायाम.

प्रश्न: सॉफ्टवेअर कन्सल्टंट आहे. सोमवारी पहाटे पुण्याहून विमान, गुरुवारी रात्री परत. वय ४१. हॉटेलात जिम आहे, पण संध्याकाळी अंगात त्राणच नसतं. बुफे ब्रेकफास्ट आणि क्लायंटबरोबरची जेवणं यांत सगळं बिघडतं.

उत्तर: संध्याकाळची जिम विसरा, मंगळवार आणि गुरुवारची सकाळ ठरवा. सोमवारी पहाटे तीनला उठून निघालेल्या शरीराकडून व्यायामाची अपेक्षा नको. त्या रात्री दहाला झोपा. अपुऱ्या झोपेत भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक वाढतं, मंगळवारी दुपारी केकवर हात जातो तो म्हणून. हॉटेलच्या जिममध्ये ट्रेडमिलवर अर्धा तास घालवण्यापेक्षा डंबेल्स घ्या. पहिल्या उत्तरातलेच व्यायाम बॅगेऐवजी डंबेलने करा आणि डंबेल्स खांद्यापासून डोक्यावर उचलायचा एक व्यायाम त्यांना जोडा. बायका बहुधा दोन-दोन किलोंची गुलाबी डंबेल्स उचलतात, त्याने काही होत नाही. बाराव्या वेळेला जड वाटेल असं वजन घ्या.

बुफेत आधी रिकाम्या हाताने एक चक्कर मारा. मग दोन अंड्यांचं ऑम्लेट, दोन इडल्या, वाटीभर सांबार, एक फळ. ज्यूसचा पेला म्हणजे शंभरएक कॅलरी आणि चोथा नाहीच. क्लायंटबरोबर घेत असाल तर व्हिस्कीच्या ३० मिलीला ७० कॅलरी, बिअरच्या मोठ्या बाटलीला अडीचशे ते तीनशे. खरं नुकसान बरोबरच्या तळलेल्या चखण्याचं असतं. आधी टिक्का किंवा सूप मागवून ठेवा.

त्राण नसण्याचं खापर फक्त प्रवासावर फोडू नका. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व एकदा तपासा. हिमोग्लोबिन कमी असेल तर व्यायामाचं कुठलंच वेळापत्रक टिकणार नाही.

प्रश्न: मधुमेह आहे, ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनची गोळी सुरू आहे. विक्रीच्या कामाने स्वतः गाडी चालवत फिरतो. सोळा तास उपास करून वजन उतरवायचं म्हणतोय. चालेल?

उत्तर: डॉक्टरांना न विचारता अजिबात नाही. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर सहसा फार खाली जात नाही. ग्लिमेपिराइड मात्र तुम्ही जेवलात की नाही हे न बघता स्वादुपिंडातून इन्सुलिन सोडायला लावतं. गोळी घेतली आणि जेवण चुकलं, की घाम, थरथर, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी. हे महामार्गावर ताशी ऐंशीच्या वेगात झालं तर काय होईल ते सांगायला नको. उपासच करायचा असेल तर गोळीची मात्रा किंवा गोळीच बदलावी लागते. तो निर्णय तपासण्या बघून तुमचे डॉक्टर घेतील. तोवर वेळेवर खाऊन, ताट हलकं करून वजन उतरवा. वजन उतरायला लागलं की तीच मात्रा जास्त होऊ शकते, त्यामुळे दर तीन-चार किलोंमागे डॉक्टरांना भेटा.

निघण्यापूर्वी आणि नंतर दर दोन तासांनी ग्लुकोमीटरवर साखर बघा. ९० च्या खाली असेल तर काही खाऊन मगच निघा. वाटेत लक्षणं जाणवली तर गाडी कडेला घेऊन बंद करा. तीन चमचे ग्लुकोज पावडर किंवा साखर पाण्यात घालून प्या. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर उशिरा चढते. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, ७० च्या खाली असेल तर तेवढंच पुन्हा घ्या. आकडा सुधारला की दोन बिस्किटं किंवा एक पोळी खा आणि त्यानंतरही पाऊण तास गाडी हाकू नका. बोटांची थरथर थांबली तरी मेंदू जागेवर यायला तेवढा वेळ लागतो. ही पावडर डिकीतल्या बॅगेत नको. ती शर्टाच्या खिशात किंवा गिअरजवळच्या खणात ठेवा, बसल्या जागेवरून हात पोचला पाहिजे.