हॉर्नेट परवडेल, पॉलिसी नाही

प्रश्न: मी ४१ वर्षांचा, नाशिकला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. हातात ९२ हजार येतात. पत्नी घरी असते, मुलगी अकरा वर्षांची. रिमोट कंट्रोलच्या जुन्या गाड्या दुरुस्त करून चालवण्याचा छंद आहे. आखातातून परतलेले एक गृहस्थ तामिया या जपानी कंपनीच्या नऊ जुन्या गाड्या एकगठ्ठा सव्वादोन लाखांना देत आहेत: तीन हॉर्नेट, दोन ग्रासहॉपर, फ्रॉग, हॉटशॉट, लंच बॉक्स आणि एक सँड स्कॉर्चर. गाडीमागे चार हजारांचे पार्ट्स टाकले की प्रत्येकी ४५ हजारांना सहज जातील. अशा गाड्यांचे भाव वाढतच असतात, म्हणजे गुंतवणूकही झाली. माझ्याकडे नवा हॉर्नेटही आहे, तो किट १८ हजारांना पडला होता. साडेतीन लाखांची एफडी मोडू, की साडेतेरा टक्क्यांनी पर्सनल लोन घेऊ? गृहकर्जाचे ३१ लाख बाकी, हप्ता २७ हजार. मुलीच्या शिक्षणासाठी २०२२ पासून वर्षाला एक लाखाची गॅरंटीड पॉलिसी आहे (दहा वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी २० लाख, विमा १० लाखांचा), त्यामुळे तिकडची काळजी नाही. छंदाचा खर्च क्रेडिट कार्डावर होतो. त्यावर १ लाख ४० हजार बाकी आहेत, पण मिनिमम ड्यू (बिलातली भरावीच लागणारी किमान रक्कम) एकदाही चुकवलेला नाही.

उत्तर: गाड्यांचं नंतर बघू. आधी ते शेवटचं वाक्य, जे तुम्ही मोठ्या अभिमानाने लिहिलं आहे.

मिनिमम ड्यू वेळेवर भरणारा ग्राहक बँकेला फार आवडतो, कारण तो कधी बुडवत नाही आणि कधी फेडतही नाही. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के धरा. १ लाख ४० हजारांवर ते ४,९०० होतं, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५,८०० च्या आसपास. थकबाकीच्या पाच टक्के मिनिमम ड्यू धरला तर तुम्ही महिन्याला साधारण सात हजार भरत असाल. त्यातले मुदलात गेले जेमतेम बाराशे. शिवाय बाकी ओढत नेणाऱ्याला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, त्यामुळे त्याच कार्डावर घेतलेल्या नव्या टायरच्या जोडीवर खरेदीच्या दिवसापासूनच व्याज लागतं. वर्षाचे ७० हजार निव्वळ व्याजात जातात.

आणि हे चालू असताना तुमची साडेतीन लाखांची एफडी बँकेत बसली आहे. सात टक्के धरले तरी वर्षाला साडेचोवीस हजार, तेही करपात्र. पन्नास टक्क्यांनी घेतलेलं कर्ज तसंच ठेवून सात टक्क्यांनी पैसे ठेवायचे, हा व्यवहार तुम्ही कारखान्यात एखाद्या मशीनच्या बाबतीत चालू दिला असता का? एफडी मोडू का, असं तुम्ही विचारलंत. हो, मोडा. उद्याच मोडा, पण गाड्यांसाठी नाही. १ लाख ४० हजार कार्डात भरा. मुदतीआधी मोडल्याने हजार-दीड हजार कमी मिळतील, ते सोडून द्या. उरलेले दोन लाख दहा हजार म्हणजे हप्त्यासकट तुमचा तीनेक महिन्यांचा घरखर्च. त्याला हात लावायचा नाही. म्हणजे सव्वादोन लाख तुमच्याकडे नाहीतच.

आता ती पॉलिसी, "तिकडची काळजी नाही" असं तुम्ही म्हणता ती. मला पत्रातली सगळ्यात जास्त काळजी तिचीच वाटली.

२०२२ मध्ये घेतलीत, विसाव्या वर्षी पैसे, म्हणजे २०४२. मुलगी आज अकरा वर्षांची, तेव्हा २७ ची असेल. तिची बारावी, प्रवेश, फी हे सगळं आठ-नऊ वर्षं आधीच होऊन गेलेलं असेल. शिक्षणाची पॉलिसी म्हणून विकणाऱ्याने निदान मुलीचं वय तरी विचारायचं! विकणाऱ्याला टार्गेट होतं, तुम्हाला "गॅरंटीड" हा शब्द आवडला, आणि ब्रोशरवरच्या पदवीची टोपी घातलेल्या मुलीने उरलेलं काम केलं.

परतावा बघा. दहा लाख भरून वीस लाख मिळतात म्हणून "दुप्पट" असं सांगितलं असेल. दहा वर्षं हप्ते भरून विसाव्या वर्षी दुप्पट म्हणजे वर्षाला साधारण साडेचार टक्के. हेच दहा हप्ते पीपीएफमध्ये गेले असते, तर आजचा ७.१ टक्के दर टिकल्यास विसाव्या वर्षी साडेएकोणतीस लाख झाले असते. पीपीएफलाही सरकारचीच हमी आहे, त्यामुळे "पण हे गॅरंटीड आहे ना" हा मुद्दा इथे उरत नाही.

त्याहून वाईट म्हणजे विमा. घराचं कर्ज ३१ लाख आणि तुमच्या जिवावर विमा १० लाख. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर पत्नीच्या हातात दहा लाख येतील आणि बँकेला एकतीस द्यायचे असतील. मेंटेनन्सचा माणूस इमर्जन्सी स्टॉपच नसलेलं मशीन चालू करत नाही, तुम्ही घर तसंच चालवताय. साधा टर्म इन्शुरन्स (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा) घ्या, एक कोटीचा, वयाच्या ६० पर्यंत. प्रकृती ठीक असेल आणि तंबाखू नसेल तर वर्षाला वीसेक हजार. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटीही नाही. तंबाखू असेल तर फॉर्ममध्ये लपवू नका. हप्ता वाढला तरी चालेल, क्लेम अडकायला नको.

टर्म पॉलिसी हातात आली की मग, आणि मगच, जुन्या पॉलिसीचा पाचवा हप्ता थांबवा. सरेंडर करायची, म्हणजे पॉलिसी मोडून पैसे परत घ्यायची, घाई करू नका. अशा पॉलिसीला चार हप्त्यांनंतर साधारण निम्मे परत मिळतात, म्हणजे चारातले दोन लाख. हप्ते थांबवून ती "पेड-अप" करून ठेवली तर रक्कम त्या प्रमाणात कमी होते: दहापैकी चार हप्ते भरले, तर वीसऐवजी आठ लाख, पण २०४२ मध्येच. आज दोन लाख की सोळा वर्षांनी आठ लाख? चौपट व्हायला सोळा वर्षं, म्हणजे आठ वर्षांत दुप्पट, म्हणजे नऊ टक्के. हे हमखास नऊ टक्के सोडू नका. मात्र काही पॉलिसींमध्ये पेड-अप केल्यावर बोनस किंवा वाढीव रक्कम गळते आणि आठाचे सहा होतात. म्हणून कंपनीकडून दोन्ही आकडे, आज सरेंडर केलं तर किती आणि पेड-अप केलं तर २०४२ ला किती, ईमेलवर लेखी मागवा. शाखेत जाऊन तोंडी विचारू नका. तिथे तुम्हाला तिसरीच पॉलिसी दाखवतील. उरलेले सहा हप्ते भरत राहिलात तर त्या सहा लाखांचे बारा होतील, म्हणजे सव्वापाच टक्के. पीपीएफ सात टक्के देत असताना सव्वापाच टक्क्यांसाठी हप्ते भरायचे नसतात.

वर्षाचे एक लाख मोकळे झाले की वीस हजार टर्मला, पंचवीसेक हजार घरच्यांच्या आरोग्य विम्याला (कंपनीचा असेल, पण तो नोकरीबरोबर जातो), उरलेले मुलीसाठी पीपीएफ आणि इंडेक्स फंडात (शेअर निर्देशांकाप्रमाणे चालणारा म्युच्युअल फंड). शिवाय कार्डाचे महिन्याचे सात हजार सुटले. त्यातले तीन हजार उघडपणे छंदाचे. घरातून "खेळणी" म्हणून टोमणा येत असेल तर तीन हजारांच्या खेळण्यापेक्षा लाखाची पॉलिसी जास्त महागात पडली आहे, हे त्यांनाही दाखवा.

आता गाड्या. तुमच्या यादीतली एकही गाडी अशी नाही जी तामियाने नंतर पुन्हा काढली नाही. १९८४ चा हॉर्नेट २००४ मध्ये परत आला, त्यापाठोपाठ ग्रासहॉपर, फ्रॉग, लंच बॉक्स, हॉटशॉट, आणि २०१० मध्ये सँड स्कॉर्चरसुद्धा. तुम्ही स्वतः नवाकोरा हॉर्नेट १८ हजारांना घेतलात आणि चाळीस वर्षं जुना, चाललेला हॉर्नेट कुणी ४५ ला घेईल असं म्हणता. कोण घेईल? ज्याला चालवायचा आहे तो नवा घेणार. ज्याला संग्रहात ठेवायचा आहे त्याला मूळचा पाहिजे: मूळची बॉडी, मूळचे स्टिकर, जमलं तर न उघडलेला खोका. तुम्ही तडकलेले टायर काढून नवे घालणार, मागचा रेझिस्टर तापवणारा जुना यांत्रिक स्पीड कंट्रोलर काढून इलेक्ट्रॉनिक बसवणार, २७ मेगाहर्ट्झचा क्रिस्टलवाला रेडिओ काढून २.४ गिगाहर्ट्झचा टाकणार, पितळी बुशच्या जागी बेअरिंग. गाडी झकास पळेल. पण प्रत्येक नव्या पार्टबरोबर संग्राहकाच्या लेखी तिची किंमत उतरत जाणार. दुरुस्ती आणि भाववाढ ही दोन्ही स्वप्नं एकाच गाडीवर बसत नाहीत.

चार हजारांचे पार्ट्स हा आकडाही परदेशातल्या छापील किमतीचा दिसतो. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७०. इलेक्ट्रॉनिक भागांना दर वेगळा लागतो, पण बॉडी-टायर-गिअर वगैरेंचा खर्च अधिभार, जीएसटी आणि कुरिअर धरून दुपटीच्या घरात जातो. कधीकधी पार्सल तसंच सुटतं हे मलाही माहीत आहे. नशिबावर हिशेब मांडत नाहीत. गाडीमागे दहा हजार धरा.

म्हणजे सव्वादोन लाख, वर नव्वद हजार, कर्ज काढलंत तर तीन वर्षांचं व्याज पन्नास हजार. साडेतीन लाखांच्या वर गेलं. आठ गाड्या चालत्या स्थितीत १८-२० हजारांनी गेल्या तर दीड लाख, स्कॉर्चरचे पन्नासेक हजार. दीड लाखाचा खड्डा, वर वर्षभराचे रविवार. त्यातून नफा झालाच आणि तुम्ही घेऊन-विकून करू लागलात तर तो धंदा, रिटर्नमध्ये दाखवावा लागेल. पण ती वेळ येईल असं मला वाटत नाही.

लॉट घेऊ नका. पण त्या गृहस्थांना सँड स्कॉर्चर वेगळी देता का, एवढं जरूर विचारा. १९७९ ची असेल तर त्यात जीव आहे. खालून फोटो मागवा: फायबरची चेसिस प्लेट उकललेली नाही ना, ओतीव धातूचा गिअरबॉक्स आणि पुढचे आर्म तडकलेले नाहीत ना, आणि बॅटरी आतच विसरून ठेवल्याने तिथे हिरवट गंज चढलेला नाही ना. वरची फोक्सवॅगन बीटलची बॉडी मूळचीच आहे की नव्या किटमधली, हेही सरळ विचारा. सगळं ठीक असेल तर ४० हजारांच्या वर जाऊ नका. पैसे छंदाच्या तीन हजारांतून साठवा. वर्षभराहून थोडं जास्त थांबावं लागेल, आणि तोवर ती विकली गेली तर जाऊ द्या. गाडीची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी रात्री चार्जिंगला लावून झोपत असाल तर ते मात्र आजच बंद करा, आग लागू शकते.