वाचकांचे प्रश्न: जमिनीवर पीक आहे, मग टॅक्स कमी लागेल ना?

प्रश्न: मागच्या हिवाळ्यात आम्ही न्यू जर्सीत हंटरडन काउंटीत घर घेतलं, सोबत ६.२ एकर जमीन आहे. आधीच्या मालकांना फार्मलँड असेसमेंट (कसलेल्या जमिनीच्या प्रॉपर्टी टॅक्समधली सवलत) मिळायचं म्हणून टॅक्स कमी होता. शेजारचा शेतकरी उन्हाळ्यात गवत कापून गठ्ठे बांधून नेतो, आम्हाला पैसे देत नाही, आम्हीही मागत नाही. ही सवलत आता आपोआप चालू राहील का? आणि मुलासाठी मागे पाव एकरात क्रिकेटचं पिच आणि नेट करायचंय, त्याने काही बिघडेल का?

उत्तर: आधी पिचचं सांगते, कारण गोम तिथेच आहे. कायद्याला कमीत कमी ५ एकर हवी, पण ती नुसती सातबाऱ्यासारखी कागदावरची ५ एकर नाही, खरोखर शेतीखालची हवी. घर, त्याखालची जमीन, लॉन, फुलझाडं, स्विमिंग पूल हे सगळं त्यातून वजा होतं. तुमचं हे सगळं मिळून साधारण एक एकर धरलं तर उरली ५.२, त्यातली पाव एकर पिचला दिली की ४.९५, म्हणजे संपलंच की हो! तेव्हा आधी नीट मोजणी करा आणि पिच घ्यायचंच असेल तर लॉनमध्येच घ्या, गवताच्या तुकड्याला हात लावू नका.

आपोआप काहीच चालू राहत नाही. मालक बदलला म्हणून सवलत जात नाही, आधीची दोन वर्षं जमीन कसली गेली असली तर ती वर्षं जमिनीच्या खात्यावर धरली जातात, पण अर्ज दर वर्षी आणि मालकाच्या नावाने करावा लागतो, म्हणजे आता तुम्ही. फॉर्मचं नाव एफए-१, तो टाउनशिपच्या टॅक्स असेसरकडे (टॅक्ससाठी मालमत्तेची किंमत ठरवणारा अधिकारी) पुढच्या वर्षाच्या टॅक्ससाठी या वर्षीच्या १ ऑगस्टपर्यंत पोचला पाहिजे. आपल्याकडचे लोक एप्रिलच्या इन्कम टॅक्सची तारीख पाठ ठेवतात आणि ही नेमकी विसरतात, फार वाईट वाटतं.

आता शेतकऱ्याचं. दुसऱ्याने कसली तरी चालतं, पण विक्री दाखवावी लागते. पहिल्या ५ एकरांवर वर्षाला १,००० डॉलरची, त्यापुढे एकराला ५ डॉलर, म्हणजे तुम्हाला १,००१ धरा. २०१५ च्या आधी हा आकडा ५०० होता, त्यामुळे जुन्या ओळखीतलं कुणी “पाचशे पुरतात” म्हणालं तर ऐकू नका. तुम्ही त्याच्याकडून पैसे घेता की नाही हा प्रश्न नाही, तुमच्या जमिनीवरचं गवत त्याने कितीला विकलं हा प्रश्न आहे. म्हणून त्याच्याशी साधा लेखी करार करा आणि पावत्या मागून घ्या, आत्ताच, जुलैच्या शेवटी दारात जाऊन उभं राहू नका. गवताची विक्री कमी पडली तर भेंडी, मेथी लावून विका, मात्र घरी खाल्लेली मेथी हिशोबात येत नाही. जाणूनबुजून खोटी माहिती भरली तर ५,००० डॉलरपर्यंत दंड आहे.

घराचा टॅक्स मात्र नेहमीच्याच दराने लागेल, कमी होतो तो फक्त शेतीच्या तुकड्याचा, कारण त्याची किंमत बिल्डर काय देईल यावर न धरता पिकाच्या उत्पन्नावर धरतात. १९६३ मध्ये मतदारांनी घटनादुरुस्तीला होकार दिला आणि १९६४ मध्ये कायदा आला तो याचसाठी, घरं वाढत होती, जमिनीचे भाव चढत होते आणि शेतकऱ्याला टॅक्स भरायला जमीनच विकावी लागली असती. म्हणून मला मनापासून वाटतं की सवलत घेतलीत तर ही जमीन खरंच कसलेली ठेवा. उद्या शेती मोडून दुसरंच काही केलंत तर त्या वर्षाचा आणि आधीच्या दोन वर्षांचा वाचलेला टॅक्स परत भरावा लागतो, आणि तो बोजा जमिनीवर चढतो, विकणाऱ्याच्या मागे जात नाही. पुढे विकाल तेव्हा हे कुणी भरायचं ते करारात लिहून घ्या.

प्रश्न: टेक्सासमध्ये ८ एकर मोकळी जमीन घेतलीय, मधमाश्यांच्या पेट्या ठेवल्या तर टॅक्स कमी होतो म्हणतात, खरं का?

उत्तर: खरंय, २०१२ पासून ५ ते २० एकरांवर मधमाशीपालन शेती म्हणून धरतात. पण जमीन मागच्या ७ पैकी ५ वर्षं शेतीत असायला हवी, त्यामुळे पडीक तुकड्यावर आज पेट्या ठेवून पुढच्या वर्षी काही हाती लागणार नाही. किती एकराला किती पेट्या हे काउंटीचं अप्रेझल डिस्ट्रिक्ट (टॅक्ससाठी जमिनीची किंमत ठरवणारं कार्यालय) ठरवतं, पेट्या विकत घ्यायच्या आधी तिथे विचारा, आणि जमिनीच्या आधीच्या वापराचा पुरावा जुन्या मालकाकडून लगेच मागून घ्या. अर्ज एप्रिल संपायच्या आत.