नजर पुढे, हात मागे

"या वयात नवीन काहीतरी शिकायला घेतलं, पण जमतच नाहीये. बाकीचे पुढे निघून गेले. हसं करून घेण्यापेक्षा सोडून दिलेलं बरं, नाही का?"

समुपदेशक म्हणून हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो. कुणी वाद्य शिकत असतं, कुणी विणकाम, कुणी पोहणं. विचारणारे बहुतेक जण आपापल्या कामात चांगले मुरलेले असतात. माझ्या मते प्रश्नाचं मूळ तिथेच आहे. वर्षानुवर्षं ज्याला सगळं येतं, त्याला 'न येण्याची' सवयच उरलेली नसते.

पन्नाशी ओलांडलेल्या एका बाईंचा अनुभव सांगते. ओळख कळू नये इतपत तपशील बदलले आहेत आणि लिहायला त्यांची परवानगी आहे. एका मोठ्या विभागाच्या त्या प्रमुख. माझ्याकडे आल्या त्या चिडचिड वाढली, झोप लागत नाही म्हणून. पहिल्या भेटीत कामाबद्दल बोलल्या, घराबद्दल बोलल्या, आणि उठता उठता म्हणाल्या, "तसा एक सुतारकामाचा क्लासही लावलाय, पण ते जाऊ दे." मी म्हटलं, पुढच्या वेळी त्याबद्दलच बोलू.

लाकडात काम करायची हौस त्यांना फार आधीपासूनची. यंत्रं न वापरता, हाताच्या अवजारांनी. पण करवत रेषेवर चालत नव्हती. रंधा मारताना लाकूड उचकटत होतं. वर्गातली विशीतली मुलं डबी करून मोकळी झाली होती आणि या अजून पहिल्याच सांध्यावर अडल्या होत्या. हळूहळू त्यांनी क्लास चुकवायला सुरुवात केली. कधी मीटिंग, कधी पाहुणे. प्रत्येक चुकवलेल्या दिवसानंतर पुन्हा तोंड दाखवणं आणखी जड जात होतं.

"बिघडलेला सांधा घेऊन या," मी सांगितलं. त्यांना ते मुळीच आवडलं नाही, तरी जुन्या कापडात गुंडाळून आणला. एका तुकड्यात चौकोनी खाच, दुसऱ्याच्या टोकाला तिच्यात बसणारी जीभ. जीभ एका बाजूने सैल होती आणि तुकडे जोडले की काटकोनाऐवजी थोडा तिरकाच कोन व्हायचा. मला सुतारकामातलं काही कळत नाही, तेव्हा काय बिघडलंय ते मला समजावून सांगा, असं म्हणून मी तो त्यांच्याच हातात दिला.

आणि त्या बोलत सुटल्या. इथे करवत रेषेच्या आत शिरली. रेषा वाचवून, टाकाऊ भागातून कापायला हवं होतं. मूठ घट्ट आवळली, वरून जोर दिला, म्हणून पातं भरकटलं; खरं तर करवतीला तिच्याच वजनाने चालू द्यायचं असतं. इथे पटाशीची, म्हणजे लाकूड खोदायच्या छिन्नीची, धार गेली होती, त्यामुळे तंतू कापले न जाता चेंगरले. हा खड्डा लाकडाच्या तंतूंच्या उलट दिशेने रंधा मारल्याचा. बोट फिरवून त्यांनी मला तो खड्डा जाणवून दिला.

त्या थांबल्यावर मी एवढंच विचारलं, "क्लासच्या पहिल्या आठवड्यात यातलं काय काय दिसलं असतं तुम्हाला?"

बराच वेळ गेला. मग म्हणाल्या, "काहीच नाही. तेव्हा मला हा चांगला वाटला असता."

शिकताना नजर आधी तयार होते, हात मागून येतो. जे काल खपून जात होतं ते आज खुपायला लागतं आणि माणसाला वाटतं आपण मागे चाललोय. खरं तर तो पुढे आलेला असतो. याच टप्प्यावर सर्वांत जास्त लोक सोडून देतात, आणि मला मनापासून वाईट वाटतं ते याचंच.

"पण एवढं सगळं कळतंय, तर हात का ऐकत नाही?" हा त्यांचा पुढचा प्रश्न. मी त्यांना एच. एम. या नावाने ओळखल्या गेलेल्या रुग्णाची गोष्ट सांगितली. १९५३ साली मेंदूवर झालेल्या शस्त्रक्रियेनंतर त्याला नवीन काही लक्षात राहीनासं झालं. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर यांनी त्याला आरशात बघून ताऱ्याची आकृती गिरवायला दिली. दिवसागणिक त्याचा हात सुधारत गेला, पण हे आपण आधी केलंय हे त्याला एकदाही आठवत नसे. हाताचं शिकणं वेगळ्या वाटेने होतं. डोक्याला पटलं म्हणून हाताला येत नाही, तो पुन्हा पुन्हा केलेला सरावच मागतो.

मग बाईंनी ठरवलं की दर रविवारी दिवसभर बसायचं. मी त्यांना थांबवलं. १९७८ साली बॅडली आणि लाँगमन या संशोधकांनी ब्रिटनमधल्या पोस्टमनांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. टपालाच्या वर्गवारीसाठी त्यांना कळफलक चालवायला शिकायचं होतं. काही जण रोज एकच तास शिकले, काही जण रोज दोन-दोन तासांच्या दोन बैठका मारत होते. एकूण तासांचा हिशेब केला तर रोज एक तासवाले कमी तासांत शिकले. तरी सर्वांत नाखूश तेच होते, कारण दिवस मोजले तर ते मागे दिसत होते. बाईंना हे ऐकून हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. रोज थोडा वेळ, टाकाऊ फळीवर फक्त सरळ रेषा कापायच्या, इतकंच त्यांनी ठरवलं. प्रत्येक तुकड्यावर तारीख टाकायची आणि फेकायचा नाही.

याहून अवघड होतं एक वाक्य. "मला कळलं नाही, पुन्हा दाखवाल का?" हे वाक्य त्यांच्या तोंडून निघत नव्हतं. शिक्षक दाखवायचे, या मान डोलवायच्या आणि घरी जाऊन अडायच्या. आम्ही त्याची सत्रात तालीम केली. मी शिक्षक, त्या विद्यार्थिनी. पहिल्यांदा त्यांनी तीनदा माफी मागून ते विचारलं, नंतर आपली कारणं देत, आणि पुष्कळ प्रयत्नांनंतर नुसतं, सरळ. वरकरणी ही क्षुल्लक गोष्ट वाटेल. माझ्या लेखी संपूर्ण समुपदेशनातलं मोठं काम हेच होतं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी ते वर्गात विचारलं. शिक्षकांनी मागे उभं राहून त्यांची करवतीवरची, तर्जनी पात्याच्या दिशेने ठेवायची पकड पुन्हा बसवून दिली. शेजारचा मुलगाही म्हणाला, "मलाही दाखवा."

त्यांच्या कार्यालयात तेव्हा एक नवी मुलगी रुजू झाली होती. तिला काम समजावताना बाई प्रत्येक वेळी "सोपं आहे गं" म्हणायच्या, धीर द्यायला म्हणून. वर्गात शिक्षक हेच म्हणायचे तेव्हा आपलं तोंड कसं बंद व्हायचं, हे एके दिवशी त्यांच्या लक्षात आलं. काम सोपं असेल आणि तरीही मला येत नसेल, तर मग विचारायचं तरी कसं? शिकण्याच्या शेवटच्या टप्प्यात हालचाली इतक्या अंगवळणी पडतात की जाणत्याला मधल्या पायऱ्या आठवतच नाहीत. त्यामुळे तो "सोपं आहे" हे अगदी प्रामाणिकपणे म्हणतो. बाईंनी ते म्हणणं सोडलं. आता त्या तिला विचारतात, "यातलं नेमकं कुठे अडतंय?" चिडचिड कमी झाली ती साधारण याच सुमाराला. झोपेला मात्र आणखी वेळ लागला. तिची कारणं वेगळी होती आणि त्यांवर आम्ही स्वतंत्रपणे काम केलं.

सगळ्यांनीच चिकाटीने टिकून राहावं असं मी म्हणत नाही. सोडायच्या विचारात असलेल्यांना मी एकच विचारते: कुणी बघणार नसेल, कुणाला कधी कळणारही नसेल, तरी उद्या हे हातात घ्यावंसं वाटेल का? बाईंचं उत्तर क्षणात आलं होतं. ताज्या रंधलेल्या लाकडाचा वास, म्हणाल्या, तेवढ्यासाठीसुद्धा. याच प्रश्नावर दुसरे एक गृहस्थ बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले की व्हायोलिन त्यांनी भावाला दाखवून देण्यासाठी घेतलं होतं. त्यांनी क्लास सोडला. त्यांच्यासाठी तेच योग्य होतं, आणि आमचं पुढचं बोलणं भावाबद्दल झालं.