पंक्तीतला पाट: क्रांतीआधीचं इंग्लंड आणि त्याच्या अमेरिकन वसाहती

बॉस्टन बंदरात बुडवलेल्या चहाबद्दल मागच्या वेळी लिहिलं, त्यावर बरेच प्रश्न आले. त्यातले पाच इथे घेतो आहे.

चहावरचा कर वाढवून तो महाग केला म्हणून बॉस्टनकरांनी पेट्या समुद्रात फेकल्या, असं आम्ही शाळेत शिकलो. तो चहा आसामचा होता का? (नाशिक)

दोन्ही समज चुकीचे आहेत, आणि पहिला तर अगदी उलटा आहे. मे १७७३च्या कायद्याने अमेरिकेतला चहा स्वस्त होणार होता. ईस्ट इंडिया कंपनीची लंडनमधली गोदामं न खपलेल्या चहाने भरली होती. तो थेट अमेरिकेत पाठवायची मुभा कंपनीला मिळाली आणि इंग्लंडमधली जकातही माफ झाली. पौंडभर चहामागे तीन पेन्सचा अमेरिकेतला कर मात्र मुद्दाम ठेवला. लोकांना खटकलं ते हेच. स्वस्त चहाचा मोह पडून एकदा तो कर भरला, की पार्लमेंटला आपल्यावर कर बसवायचा हक्क आहे हे मान्य केल्यासारखंच. शिवाय चहा विकायचे अडतेही कंपनीने स्वतःच नेमले. बॉस्टनमध्ये त्यात तिथल्या वसाहतीचे गव्हर्नर हचिन्सन यांचे दोन मुलगे होते. बाकीचे व्यापारी हात चोळत बसणार, हे उघड होतं.

१६ डिसेंबर १७७३च्या रात्री तीन जहाजांवरच्या ३४२ पेट्या फोडल्या गेल्या. सुमारे ९२ हजार पौंड, म्हणजे जवळपास ४२ टन चहा. ओहोटी होती, त्यामुळे पाण्यातून चहाचे ढीग वर दिसू लागले आणि ते ढकलून पसरावे लागले. काम झाल्यावर या लोकांनी जहाजांचे डेक झाडून काढले. दुसऱ्या कशालाही हात लावायचा नाही, असं ठरवूनच ते आले होते.

चहा चीनचा होता. आसामचा चहा बाजारात यायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं.

भाषा एक, धर्म एक, रक्त एक. मग एवढी कटुता आली कुठून? (सोलापूरच्या एका शिक्षिका)

मला सगळ्यात आवडलेला प्रश्न. रक्त एक होतं म्हणूनच कटुता एवढी झाली, असं माझं ठाम मत आहे. परक्याने अपमान केला तर माणूस राग गिळतो. भावकीने लग्नाला बोलावलं आणि पाट मात्र दुसऱ्या पंक्तीत मांडला, तर ते जन्मभर विसरत नाही.

वसाहतीत जन्मलेली, इंग्लंड कधी पाहिलंही नाही अशी माणसं त्या देशाला ‘घर’ म्हणत. कपडे, पुस्तकं, चिनीमातीची भांडी लंडनहून मागवत. १७६०मध्ये कॅनडा फ्रेंचांच्या हातून गेला, तेव्हा ‘मी ब्रिटन आहे’ म्हणून त्याचा अभिमान वाटतो असं लिहिणारा माणूस होता बेंजामिन फ्रँकलिन.

आता जॉर्ज वॉशिंग्टनकडे या. १७५५मध्ये तेविशीतला हा तरुण व्हर्जिनियाच्या पलटणीचा कर्नल होता. सरहद्दीवरच्या एका किल्ल्यात डॅगवर्दी नावाचा कॅप्टन होता, हाताखाली जेमतेम काही डझन माणसं. पण त्याच्यापाशी कधीकाळी मिळालेली राजाची सनद होती आणि वॉशिंग्टनची नेमणूक वसाहतीची. मी तुमचे हुकूम मानणार नाही, असं त्या कॅप्टनने सांगितलं. त्याचा निवाडा करून घ्यायला वॉशिंग्टन ऐन हिवाळ्यात शेकडो मैल घोड्यावरून बॉस्टनला गेला. निकाल त्याच्या बाजूने लागला, पण त्याला स्वतःला हवी असलेली राजाची सनद काही मिळाली नाही. ती त्याला कधीच मिळाली नाही.

पुढे तो तंबाखूचा मोठा बागायतदार झाला. माल लंडनच्या अडत्याकडे पाठवायचा, आणि अडत्याने त्या पैशातून मागितलेल्या वस्तू धाडायच्या, असा व्यवहार. तंबाखूचा भाव अडत्याने सांगायचा, वस्तूंची किंमतही त्यानेच लावायची. १७६८मध्ये वॉशिंग्टनने एक उत्तम घोडागाडी मागवली. लाकूड नीट मुरलेलं असावं, हेही कळवलं. गाडी आली ती ओल्या लाकडाची. दोन महिन्यांत फळ्या खाचांतून सुटल्या, काही तर या टोकापासून त्या टोकापर्यंत चिरल्या. वसाहतीतल्या गिऱ्हाइकाला काहीही खपवलं तरी चालतं, ही भावना त्याच्या पत्रांतून पुन्हा पुन्हा दिसते.

आणि फ्रँकलिन? वसाहतींचा प्रतिनिधी म्हणून तो लंडनमध्ये अनेक वर्षं राहिला. इंग्लंड-अमेरिका एकत्र राहावीत म्हणून त्याच्याइतकी खटपट क्वचितच कोणी केली असेल. पण हचिन्सन यांची खासगी पत्रं त्याने बॉस्टनला पाठवली होती, त्यावरून २९ जानेवारी १७७४ला त्याला प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळापुढे, उभं केलं. बॉस्टनच्या चहाची बातमी नुकतीच लंडनला पोचली होती. सरकारी वकील वेडरबर्न जवळजवळ तासभर त्याला झोडपत होता आणि सभोवती बसलेले उमराव हसत होते. अडुसष्ट वर्षांचा, जगभर नावाजलेला शास्त्रज्ञ मखमली पोशाखात निश्चल उभा राहिला. एक शब्दही बोलला नाही. लगेच त्याचं पोस्टखात्यातलं पद काढून घेतलं. समेटाची धडपड करणाराच माणूस इंग्लंडने त्या तासाभरात गमावला.

कर खरंच न परवडण्याइतका होता का? (कोल्हापूर)

नाही. इंग्लंडमधला सामान्य माणूस वसाहतवाल्यांच्या कितीतरी पट कर भरत होता. १७६३मध्ये फ्रान्सशी सात वर्षांचं युद्ध संपलं, तेव्हा ब्रिटनवरचं कर्ज १२ कोटी पौंडांच्या वर गेलं होतं. अमेरिकेच्या रक्षणासाठी सैन्य ठेवायचं, तर अमेरिकेने थोडा भार उचलावा, हे म्हणणं अगदीच गैरवाजवी नव्हतं. हे कबूल केलं पाहिजे.

चुकलं ते पुढे. १७६५च्या स्टँप ॲक्टने वर्तमानपत्रं, कोर्टाचे कागद, परवाने, पंचांगं, अगदी पत्त्यांच्या कॅटवरही मुद्रांक लावायला सांगितला. म्हणजे वकील, छापखानेवाले आणि गुत्तेवाले एकाच फटक्यात दुखावले, आणि गावात मत तयार करणारे लोक हेच. आमच्यावरचा कर आमच्या विधानसभा ठरवतील, पार्लमेंटमध्ये आमचा एकही माणूस नाही, असं ते म्हणाले. त्यावर लंडनचं उत्तर आलं, की मँचेस्टरलाही खासदार नाही, तरी पार्लमेंट सगळ्यांचंच हित पाहते. आपल्याच घरचा दोष दाखवून समोरच्याचं समाधान होत नसतं.

वर्षभरात, मार्च १७६६मध्ये, तो कायदा मागे घेतला गेला. लोकांना इतका आनंद झाला, की न्यूयॉर्कने कृतज्ञता म्हणून राजा तिसऱ्या जॉर्जचा शिशाचा, सोन्याचा मुलामा दिलेला अश्वारूढ पुतळा बनवून घेतला. १७७०मध्ये तो उभा राहिला. सहाच वर्षांनी, ९ जुलै १७७६ला, दोर लावून तो पाडला, आणि त्याचं बरंचसं शिसं कनेक्टिकटच्या एका गावात वितळवून बंदुकीच्या ४२ हजारांवर गोळ्या ओतल्या.

या सगळ्याचा मराठ्यांच्या इतिहासाशी काही संबंध आहे का? (सातारा)

ओढूनताणून जोडायची गरज नाही, कारण मधला दुवा आहे ईस्ट इंडिया कंपनी. १७७२मध्ये ती बुडायच्या बेतात होती. १७६९-७०च्या दुष्काळाने बंगाल उद्ध्वस्त झाला होता, तरी भागधारकांना लाभांश देणं चालूच होतं. सरकारने तिला १४ लाख पौंडांचं कर्ज दिलं आणि चहा खपवायला तो कायदा केला. पेनसिल्व्हेनियाच्या जॉन डिकिन्सनने १७७३मध्ये आपल्या लोकांना सावध केलं: या कंपनीने आशियात माणसं उपाशी मारली, तीच आता आपल्या दारात येते आहे. बंगालच्या भुकेची खबर फिलाडेल्फियाला होती, हे वाचताना मला फार हलायला होतं.

तारखाही शेजारी ठेवून पाहा. नारायणरावांचा खून ३० ऑगस्ट १७७३चा. १७७४च्या डिसेंबरात मुंबईच्या इंग्रजांनी साष्टी घेतली, मार्च १७७५मध्ये रघुनाथरावांशी सुरतेचा तह केला, आणि १९ एप्रिलला अमेरिकेत लेक्झिंग्टनला स्वातंत्र्ययुद्धाची पहिली गोळी सुटली. त्या युद्धात यॉर्कटाउनला ज्याच्या फौजेने शस्त्रं ठेवली, तो कॉर्नवॉलिस १७८६मध्ये कलकत्त्याला गव्हर्नर जनरल होऊन आला.

आम्ही एडिसन, न्यू जर्सीला राहतो. तेव्हा सगळेच लोक राजाच्या विरुद्ध होते का?

मुळीच नाही, आणि तुम्हाला तर याचा पुरावा शेजारीच पाहता येईल. पर्थ अँबॉयला प्रोप्रायटरी हाउस नावाची जुनी वास्तू आहे. न्यू जर्सीचा शेवटचा राजनियुक्त गव्हर्नर तिथे राहत असे. त्याचं नाव विल्यम फ्रँकलिन, बेंजामिनचा मुलगा. पतंगाच्या सुप्रसिद्ध प्रयोगात बापाच्या मदतीला तोच होता. लंडनमधल्या अपमानानंतर बाप फिरला, पण मुलगा राजाशी एकनिष्ठ राहिला. जून १७७६मध्ये त्याला अटक झाली आणि पुढे त्याने अतिशय हालाचा तुरुंगवास भोगला. तो कैदेत असतानाच त्याची बायको वारली.

युद्धानंतर अशी साठेक हजार राजनिष्ठ माणसं देश सोडून कॅनडा, इंग्लंड, वेस्ट इंडीजला गेली. बापलेक १७८५मध्ये साउथँप्टनला शेवटचे भेटले. विल्यम समेटाच्या आशेने आला होता. बापाने जमिनींचे कागद पुढे केले, हिशेब पुरा केला आणि पुढचं जहाज पकडलं. मृत्युपत्रातही त्याने लिहून ठेवलं: युद्धात माझ्याविरुद्ध उभा राहिला, म्हणून याला याहून जास्त काही देत नाही.

जमेल तेव्हा ते घर पाहून या.