गिटार ॲम्पसमोर दोन माईक : वाचकांच्या शंका

प्रश्न : आम्ही मित्र घरातल्याच एका खोलीत आमच्या गाण्यांचे ध्वनिमुद्रण करतो. आमच्या गिटार ॲम्पमध्ये १२ इंची एकच स्पीकर आहे. त्याच्या जाळीला जवळजवळ टेकवून एक एसएम५७ आणि त्याच्या वीतभर मागे एक कंडेन्सर माईक, असे दोन माईक लावले. दोन्ही सुटे ऐकले तर आवाज उत्तम वाटतो. एकत्र केले की गिटार पोकळ, रिकाम्या डब्यातून आल्यासारखी वाजते. 'तीनास एक' हा नियम पाळूनही फरक पडलेला नाही. काय चुकते आहे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : तुमच्या माईकांत दोष नाही आणि सुटा विचार केला तर दोघांच्या जागाही योग्यच आहेत, अडचण आहे ती त्या दोघांमधल्या वीतभर अंतराची. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, त्यामुळे २० सेंटिमीटर मागे असलेल्या माईकपर्यंत पोहोचायला त्याला अर्ध्या मिलिसेकंदाहून किंचित जास्त वेळ लागतो. इतका उशीर कानाला उशीर म्हणून जाणवत नाही, पण ज्या ध्वनिलहरीची अर्धी लांबी नेमकी २० सेंटिमीटर भरते तिचा एका माईकमधला चढ दुसऱ्या माईकमधल्या उतारावर येऊन बसतो आणि बेरीज शून्याकडे जाते. तुमच्या मांडणीत असा पहिला खड्डा ८६० हर्ट्झच्या आसपास पडत असणार, त्यापुढचे त्याच्या तिप्पट आणि पाचपट, म्हणजे २,६०० आणि ४,३०० हर्ट्झच्या जवळ. मधल्या पट्ट्यांत मात्र आवाज उलट दुणावतो. आता गिटारच्या बाजूने पाहा. बारीक तारेच्या सतराव्या फ्रेटवरचा स्वर ८८० हर्ट्झचा आहे आणि मोकळी वाजवलेली पाचवी तार, जी ११० हर्ट्झवर बोलते, तिचा आठपट उपस्वरही तिथेच येतो. गिटारचा भरदारपणा आणि धार ज्या पट्ट्यात असते, तिथेच हे तिन्ही खड्डे पडले आहेत.

'तीनास एक' नियमाबद्दलचा गैरसमज फार पसरलेला आहे, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. हा नियम दोन ध्वनिस्रोत आणि दोन माईक यांच्यासाठी आहे, उदाहरणार्थ शेजारी शेजारी बसलेला गायक आणि वादक, किंवा एका खोलीत ठेवलेले दोन ॲम्प. माईक आपल्या स्रोतापासून जितका दूर असेल, त्याच्या किमान तिप्पट अंतर दोन माईकांमध्ये राखले, तर शेजारच्या स्रोताचा आवाज साधारण ९ ते १० डेसिबल क्षीण होऊन पोहोचतो आणि एवढ्या फरकाने होणारी वजाबाकी फारशी खटकत नाही. म्हणजे या नियमातली खरी करामत अंतराची नसून आवाजाच्या पातळीतल्या फरकाची आहे. तुमच्याकडे स्रोत एकच आहे आणि दुसऱ्या माईकनेही तोच आवाज टिपावा अशीच तुमची इच्छा आहे. दूरच्या माईकचा गेन वाढवून दोघांची पातळी सारखी केलीत की अंतराने जो काही फायदा दिला असता, तो तुम्ही स्वतःच परत घेतलेला असतो.

एका स्पीकरवर दोन माईक लावायचे असतील, तर माझा सल्ला असा, की दोघांचे डायफ्रॅम, म्हणजे माईकच्या आतले आवाजाने थरथरणारे पातळ पडदे, स्पीकरपासून समान अंतरावर आणावेत. माईकच्या जाळ्या नव्हे, डायफ्रॅम. एसएम५७ चा डायफ्रॅम पुढच्या टोपीच्या लगेच मागे असतो. सेनहायझरच्या एमडी ४२१ चा त्याच्या तोंडापासून बराच आत असतो. आणि बाजूने गाणे घेणाऱ्या मोठ्या कंडेन्सर माईकचा जाळीच्या घुमटाच्या साधारण मध्यावर. जाळ्या एका रेषेत लावून निर्धास्त झालेला ध्वनिमुद्रक दोन-तीन सेंटिमीटरची चूक तिथेच करून बसतो.

अंतर जुळवायला मोजपट्टीपेक्षा कान अधिक उपयोगी पडतात. फोनमधला पिंक नॉइज, म्हणजे सगळ्या पट्ट्यांतला एकसंध खळखळाट, ॲम्पमधून हळू आवाजात वाजवा. दोन्ही माईकांची पातळी सारखी करा, दोन्ही पॅन (डावी-उजवी जागा) मध्यभागी ठेवा आणि प्रीॲम्पवरचे (माईकचा क्षीण आवाज वाढवणाऱ्या उपकरणावरचे) किंवा संगणकातले पोलॅरिटीचे, म्हणजे ध्वनिलहर उलटी करणारे, बटण एकाच माईकवर दाबा. आता बंद हेडफोन लावून, जमल्यास शेजारच्या खोलीत बसून ऐका आणि जोडीदाराला कंडेन्सरचा स्टँड अगदी सावकाश पुढे-मागे सरकवायला सांगा. एका जागी खळखळाट एकदम पातळ होऊन दबतो, खालचा आवाज तर जवळजवळ नाहीसा होतो. ती जागा सापडली की स्टँडचे स्क्रू आवळा आणि पोलॅरिटी परत सरळ करा. आवाज भरून येण्याची जागा शोधण्यापेक्षा तो विरण्याची जागा शोधणे कानाला कितीतरी सोपे जाते, म्हणून हा उलटा मार्ग. माईक अगदी समान अंतरावर असूनही बटण दाबल्यावरच आवाज भरत असेल, तर फेजच्या, म्हणजे दोन लहरींच्या चढ-उतारांच्या मेळाच्या, मागे लागण्याआधी केबल तपासा. एक्सएलआरच्या (माईकच्या तीन पिनांच्या केबलच्या) दुसऱ्या आणि तिसऱ्या पिनेच्या तारा कुणीतरी उलट जोडलेल्या असतात.

अचूकतेचा अट्टाहास मात्र करू नये. एका सेंटिमीटरच्या फरकाने पहिला खड्डा १७,००० हर्ट्झच्या आसपास पडतो, दोन सेंटिमीटरने साडेआठ हजारांच्या. गिटारचा स्पीकर पाच-सहा हजारांच्या वर फारसे काही देतच नाही, त्यामुळे तो खड्डा रिकाम्या जागेत पडतो. शिवाय स्पीकरच्या कोनाच्या (आवाज काढणाऱ्या शंकूच्या आकाराच्या पडद्याच्या) मधोमध रोखलेला माईक आणि कडेकडे वळवलेला माईक यांना मिळणारा आवाज मुळातच वेगळा असतो, आणि दुसरा माईक लावण्याचे खरे कारणही तेच आहे. दोघांचे सूर जवळपास सारखेच येत असतील, तर एक काढून ठेवलेला बरा.

प्रश्न : ध्वनिमुद्रण झाल्यावर संगणकावर एक ट्रॅक थोडा मागे ओढून फेज जुळवता येते, मग माईक लावताना एवढी खटपट का करावी? आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेल्या माईकचा ट्रॅकही तसाच ओढावा का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : जवळच्या दोन माईकांचे ट्रॅक सरकवण्यात गैर काहीच नाही. ४८ किलोहर्ट्झच्या ध्वनिमुद्रणात एक सॅम्पल, म्हणजे संगणकाने आवाजाची घेतलेली एक नोंद, सुमारे ७ मिलिमीटर अंतराएवढी असते, म्हणजे तेवढ्या बारकाईने जुळवणी होऊ शकते. गिटारचा माईकशिवाय थेट केबलने घेतलेला ट्रॅक माईकच्या ट्रॅकआधी येतो, तो तर असाच जुळवावा. पण माईक लावतानाच काम नीट झाले, तर वाजवणाऱ्यालाही हेडफोनमध्ये खरा आवाज ऐकू येतो आणि तो त्यानुसार वाजवतो; नंतरची दुरुस्ती हे देऊ शकत नाही. पोलॅरिटीचे बटण आणि ट्रॅक सरकवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही ध्यानात असू द्या : बटण सगळी लहर उलटी करते, वेळ मात्र जराही बदलत नाही.

दूरच्या माईकला हात लावू नये असे माझे मत आहे. दोन मीटरवरच्या माईकला आवाज जवळपास ६ मिलिसेकंद उशिरा मिळतो आणि या उशिरामुळेच खोली खोलीसारखी ऐकू येते. ट्रॅक ओढून तो जवळच्या माईकशी जुळवलात, तर खोली गेली आणि हाती एक धूसर जवळचा माईक उरला. दूरच्या माईकमध्ये भिंतींवरून आलेला आवाज पुष्कळ मिसळलेला असतो, आणि मिक्समध्ये तो जवळच्या माईकपेक्षा १० डेसिबल खाली ठेवला तर खड्डे तीनेक डेसिबलहून खोल जात नाहीत. त्याची पोलॅरिटी तेवढी दोन्ही बाजूंनी ऐकून पाहा आणि ज्या बाजूने खालचे स्वर भरदार वाटतील ती ठेवा. दोन माईक डावी-उजवीकडे पसरवले असतील, तर मिक्स मोनो करून, म्हणजे दोन्ही बाजू एकत्र करून, ऐकणे टाळू नका. स्टिरिओमध्ये लपलेला खड्डा फोनच्या किंवा ब्लूटूथच्या एका स्पीकरवर लगेच उघडा पडतो.

प्रश्न : माझा तर एकच माईक आहे, तरीही गिटार पोकळ का येते? ॲम्प फरशीवर ठेवलेला असतो आणि माईक मीटरभर दूर असतो. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : तुमचा दुसरा माईक म्हणजे तुमची फरशी. स्पीकरचा मध्य आणि माईक दोन्ही जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंच धरले, तर थेट आवाज १ मीटर चालतो आणि फरशीवर आपटून येणारा १ मीटर १७ सेंटिमीटर. या १७ सेंटिमीटरच्या फरकाने १,००० हर्ट्झच्या सुमारास खड्डा पडतो आणि गुळगुळीत टाइल आवाज फारसा शोषत नसल्यामुळे तो चांगलाच खोल असतो. मधल्या जागेत गादी किंवा दुहेरी घडी केलेली जाड गोधडी अंथरा. सतरंजीने फार काम होत नाही, ती पातळ पडते. ॲम्प मजबूत टेबलावर चढवला तरी परतीचा आवाज लांबून आणि क्षीण होऊन येतो. माईक जाळीपासून ५ सेंटिमीटरवर आणलात, तर फरशीचा प्रश्नच उरत नाही, कारण परतीचा आवाज वीसेक डेसिबल खाली राहतो.

प्रश्न : मागून उघड्या असलेल्या ॲम्पला पुढून आणि मागून असे दोन माईक लावले. खालचे स्वर गायब झाले. का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : कोन पुढे येतो तेव्हा पुढच्या माईकसमोर हवा दाबली जाते आणि मागच्या माईकसमोर ती विरळ होते, त्यामुळे दोघांची पोलॅरिटी उलट असते. मागच्या माईकवर पोलॅरिटीचे बटण दाबा. मग दोन्ही माईक कोनापासून साधारण सारख्या अंतरावर आणून, मागचा ट्रॅक खालून हळूहळू वर घेत ऐका.