कोआला दिवसभर झोपलेला का असतो? निलगिरीची नशा चढते म्हणून?

नशाबिशा काही नाही, ती ऐकीव गोष्ट. खरं कारण पोटात आहे. पूर्व आणि आग्नेय ऑस्ट्रेलियातल्या जंगलांत राहणारा हा प्राणी जवळजवळ फक्त निलगिरीचा पाला खातो. हा पाला म्हणजे निव्वळ चोथा: पोषण नाममात्र, वर विषारी द्रव्यं. विष निकामी करायचं काम यकृताकडे. चोथा मात्र सुमारे 2 मीटर लांबीच्या अंधांत्रात, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीसारख्या भागात, जिवाणू सावकाश आंबवत बसतात. एवढा खटाटोप करून ऊर्जा मिळते थोडीशीच, मग ती उधळून कसं चालेल? म्हणून दिवसातले 18 ते 20 तास फांदीच्या बेचक्यात बूड टेकवून झोप.

हे जिवाणू पिल्लाकडे जन्मतः नसतात. सहाएक महिन्यांचं झालं की ते आईची खास पातळ विष्ठा खातं. किळस येईल, पण विरजणच आहे ते!

कडक उन्हाळ्यात तो खोडाला मिठी मारून बसतो, तेही लाडाने नव्हे. खोड हवेपेक्षा गार असतं.

आणि हो, त्याला अस्वल म्हणू नका. तो कांगारूसारखा पिशवीवाला प्राणी, आणि सर्वात जवळचा जिवंत नातेवाईक वोंबॅट, म्हणजे ऑस्ट्रेलियातलाच बिळात राहणारा एक पिशवीवाला प्राणी.