खात्यात दिसलेले पैसे आणि वटलेला चेक

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका वाचकांचं पत्र आलं आहे. अकरा वर्षं तिथे राहून कुटुंब कायमचं पुण्याला परत येतंय. 29 नोव्हेंबर, शनिवारी नेवार्कहून विमान आहे. घरातलं सगळं सामान विकून झालं, टोयोटा सिएना तेवढी राहिली आहे. जवळचा डीलर 11,900 डॉलर द्यायला तयार आहे. ऑनलाइन जाहिरात पाहून पेनसिल्व्हेनियातल्या एका गृहस्थांनी 14,200 कबूल केले आहेत. ते शनिवारी, 15 तारखेला संध्याकाळी कॅशिअर्स चेक (बँकेने स्वतःच्या नावाने काढलेला चेक) घेऊन येणार आणि गाडी लगेच घेऊन जाणार. वाचक लिहितात: ‘सोमवारी चेक भरतो, मंगळवारी जमा झाले की पैसे पुण्याला पाठवून खातं बंद करतो. बायको म्हणते, डीलरला देऊन मोकळे व्हा. 2,300 डॉलर असे सोडून द्यायचे का? आणि बँक पैसे किती दिवस अडकवून ठेवू शकते?’

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातूनच निघतं. आणि तुमच्या बेतात मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती ‘मंगळवारी जमा झाले की’ या शब्दांची.

आपण भारतात वाढलेली माणसं चेककडे भारतीय नजरेने पाहतो. आपल्याकडे चेक भरला की तो समोरच्या बँकेकडे जातो, ती बँक हो म्हणते आणि मग साधारणपणे पैसे खात्यात येतात. रिझर्व्ह बँकेने 4 ऑक्टोबर 2025 पासून हे काम दिवसभर सलग चालू ठेवलं आहे, त्यामुळे सकाळी भरलेला चेक त्याच दिवशी वटतो. तरी क्रम तोच राहिला: आधी होकार, मग पैसे. म्हणून आपल्या डोक्यात ‘जमा झाले’ आणि ‘वटला’ हे एकच होऊन बसलं आहे.

अमेरिकेत हा क्रम उलटा आहे, आणि तो कायद्याने उलटा केलेला आहे. 1980 च्या दशकात तिथल्या बँका चेकचे पैसे बरेच दिवस स्वतःकडे ठेवून घेत आणि ग्राहक हैराण होत. त्यावर उपाय म्हणून 1987 साली तिथल्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, कायदा केला, आणि तो अमलात आणायला फेडरल रिझर्व्ह या तिथल्या मध्यवर्ती बँकेने ‘रेग्युलेशन सीसी’ नावाचे नियम बनवले. चेक वटला की नाही हे कळलेलं असो वा नसो, ठरावीक दिवसांत पैसे ग्राहकाला वापरायला द्यायचे, असं बंधन बँकेवर आलं. साधा चेक असेल तर दुसऱ्या कामाच्या दिवशी. कॅशिअर्स चेक तुमच्याच नावाचा असेल आणि तुम्ही स्वतः काउंटरवर कर्मचाऱ्याच्या हातात दिलात, तर पुढच्याच कामाच्या दिवशी. मंगळवारचा हिशेब तुम्ही इथूनच धरला असणार, आणि तेवढ्यापुरता तो बरोबर आहे.

मात्र त्या दिवशी बँक तुम्हाला जे देते ती उसनवारी आहे. चेक खोटा निघाला, तर दिलेले पैसे खात्यातून परत काढून घेण्याचा बँकेला पूर्ण अधिकार आहे. तोवर तुम्ही ते खर्च केले असतील, पुण्याला पाठवले असतील, तरी जबाबदारी तुमची. ‘तुमच्याच ॲपवर उपलब्ध दिसत होते,’ असं म्हणून सुटका होत नाही. आणि खोटा चेक उघडकीला यायला कधीकधी आठवडे लागतात.

कॅशिअर्स चेक म्हणजे आपल्या डिमांड ड्राफ्टचा भाऊ. खरा असेल तर बँक स्वतः देणं लागते, म्हणून लोक त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतात आणि ठग त्याचीच नक्कल करतात. छापलेल्या नकली चेकमागे कोणतीच बँक उभी नसते. हल्ली टपालपेट्यांतून खरे चेक चोरून, त्यांवरची शाई रसायनाने धुऊन नवी नावं आणि नवे आकडे घालण्याचा धंदाही जोरात आहे. अमेरिकी ट्रेझरीच्या फिनसेन या विभागाकडे बँकांनी चेक घोटाळ्याच्या संशयाबद्दल पाठवलेले अहवाल 2021 मध्ये साडेतीन लाखांवर होते, 2022 मध्ये ते 6 लाख 80 हजारांवर गेले. फेब्रुवारीअखेर ते ऑगस्टअखेर 2023 या सहा महिन्यांत टपालचोरीतून आलेल्या चेकचे जे अहवाल फिनसेनने तपासले, त्यांतली संशयित रक्कम 68 कोटी 80 लाख डॉलर होती. तुमचे गृहस्थ त्यातले आहेत असं मी म्हणत नाही. बहुतेक गाडी घेणारे सरळ लोकच असतात. पण त्यांच्या हातातला चेक खरा आहे की खोटा, हे शनिवारी संध्याकाळी ना तुम्हाला कळणार ना मला, आणि बँका तेव्हा बंद असतात.

आता बँक किती दिवस अडकवू शकते ते पाहू. एका दिवशी भरलेल्या चेकची एकूण रक्कम 6,725 डॉलरच्या वर गेली, की वरच्या रकमेला बँक जास्त वेळ घेऊ शकते. 1 जुलै 2025 पूर्वी ही मर्यादा 5,525 होती. म्हणजे 14,200 पैकी 6,725 मंगळवारी, 18 तारखेला मिळायला हवेत. उरलेले 7,475 मात्र थांबवता येतात: साध्या चेकचे दोन कामाचे दिवस, वर आणखी पाच. सोमवार 17 पासून मोजलं, तर दुसरा दिवस बुधवार 19. तिथून पाच मोजत शनिवार-रविवार वगळले की येतो बुधवार 26 नोव्हेंबर. 27 ला थँक्सगिव्हिंगची सुट्टी. तुमच्या हातात राहतो शुक्रवार 28, आणि शनिवारी विमान.

चेक शंकास्पद वाटण्यासारखं ठोस कारण बँकेकडे असेल, तर ती पूर्ण रक्कमही अडवू शकते. गेल्या काही महिन्यांत खातं वारंवार उणे झालं असेल, तरीही. असा होल्ड लावला, तर कारण आणि पैसे मिळण्याची तारीख तुम्हाला लेखी कळवणं बँकेवर बंधनकारक आहे. तो कागद मागून घ्या. चेक एटीएममध्ये टाकू नका, काउंटरवरच द्या. यंत्रात टाकलेल्या कॅशिअर्स चेकला पुढच्या दिवसाचा नियम लागत नाही.

होल्डचा राग बऱ्याच लोकांना येतो, आणि घरभाडं किंवा पगार अडकला की तो रास्तही असतो. तुमच्या बाबतीत मात्र लांबलेला होल्ड ही वाईट बातमी नाही. जितके दिवस पैसे थांबतील, तितकी खोटा चेक तुम्ही तिथे असतानाच परत येण्याची शक्यता वाढते. तिथल्या बँका हे दिवस वाढवून मागतात. जून 2025 मध्ये फेडरल रिझर्व्हने आणि इतर दोन नियामक संस्थांनी पैशांच्या देवाणघेवाणीतल्या फसवणुकीवर लोकांकडून आणि बँकांकडून मतं मागवली, त्यात होल्डचा मुद्दाही होता. माझं मत असं, की मोठ्या चेकसाठी थोडे जास्त दिवस द्यायला हरकत नाही, पण ‘पैसे उपलब्ध आहेत, चेक अजून वटलेला नाही’ एवढं एक वाक्य ॲपवर ठळक दिसलंच पाहिजे. कितीतरी कुटुंबांचं नुकसान तेवढ्याने वाचेल.

आता 2,300 डॉलर. रक्कम लहान नाही, चौघांच्या तिकिटांचा बराचसा खर्च त्यात निघेल, म्हणून ती सहज सोडा असं मी सांगणार नाही. पण दुसऱ्या पारड्यात काय आहे ते बघा. चेक खोटा निघाला तर गाडी गेली, टायटलवर, म्हणजे गाडीच्या मालकीच्या कागदावर, तुमची सही झाली, 14,200 खात्यातून वजा झाले. खातं तुम्ही रिकामं केलेलं असेल तर ते उणे जाईल आणि बँक वसुलीला मागे लागेल. पोलीस, वकील, बँक यांच्याशी बोलणी पुण्यात बसून, रात्री जागून करायची. माझ्या एका जुन्या अशिलाने असंच घरातलं फर्निचर विकून परतीचं विमान पकडलं होतं. चेक परत आला तेव्हा ते इथे पोचून नऊ दिवस झाले होते. रक्कम तुमच्यापेक्षा बरीच कमी होती, तरी तो त्रास त्यांना वर्षभर पुरला.

म्हणून माझा सल्ला असा: ग्राहक सोडू नका, चेक सोडा. त्यांना आजच कळवा की व्यवहार शनिवारी संध्याकाळी नको, कामाच्या दिवशी सकाळी, त्यांच्याच बँकेच्या शाखेत करू. तिथून त्यांनी तुमच्या खात्यात वायर करावी, म्हणजे बँकेतून बँकेत थेट पैसे पाठवावेत. वायर पोचली की पाठवणाऱ्याला ती सहजी मागे घेता येत नाही, आणि चेकसारखं ‘अजून वटायचा आहे’ हे प्रकरणच उरत नाही. त्यांना शुल्क पडत असेल तर अर्धं तुम्ही द्या. तुमच्या बँकेला फोन करून पैसे आल्याची खात्री करा, मगच टायटलवर सही करा आणि किल्ली द्या. फोनचा नंबर तुमच्या कार्डाच्या मागचा वापरा, समोरच्याने दिलेला नको.

वायर नकोच म्हणाले, तर दुसरी पायरी: त्यांच्या शाखेत, तुमच्यासमोर, कर्मचाऱ्याने कॅशिअर्स चेक बनवून तुमच्या हातात द्यावा. घरी आणलेला चेक आणि तुमच्या डोळ्यांदेखत निघालेला चेक यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. रोख देतो म्हणाले तर बँकेतच मोजून घ्या आणि तिथेच भरा. 10,000 डॉलरवर रोख भरली की बँक सरकारला एक अहवाल पाठवते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. तो टाळायला रक्कम तुकडे करून भरणं हा मात्र तिथे गुन्हा आहे, ते कधीही करू नका.

सरळ ग्राहकाला यातलं काहीच जड जात नाही. शाखेत यायला नकार, घाईची निरनिराळी कारणं, किंवा ठरल्यापेक्षा जास्त रकमेचा चेक देऊन ‘वरचे परत पाठवा’ अशी विनंती, यांतलं एक जरी दिसलं तर बोलणं तिथेच थांबवा. आणि शुक्रवार 21 तारीख ही तुमची शेवटची रेषा धरा. तोवर पैसे पक्के आले नाहीत, तर सोमवारी 24 ला गाडी डीलरकडे. म्हणजे वहिनींचं म्हणणंही मी अर्धं मान्य करतोय. डीलरला आजच विचारून ठेवा, 11,900 चा भाव 24 पर्यंत टिकेल का आणि पैसे वायरने मिळतील का. तो चेकच देणार असेल, तर होल्डचे तेच नियम त्यालाही लागतील. पण परवानाधारक डीलर महिन्याभरानेही त्याच पत्त्यावर सापडतो.

खातं मात्र कोणत्याही परिस्थितीत बंद करू नका. 2025 चं अमेरिकी विवरणपत्र तुम्ही 2026 मध्ये भराल. तिथल्या सरकारने 30 सप्टेंबर 2025 पासून कागदी चेक जवळपास बंद करत आणले आहेत, त्यामुळे कराचा परतावा निघाला तर तो थेट खात्यात घ्यायची सोय तुमच्याकडे हवी. निघण्यापूर्वी बँकेत जाऊन भारतातला पत्ता चालतो का ते विचारा, आणि पडताळणीचे संदेश कोणत्या फोनवर येतील तेही ठरवून घ्या. गाडीचे पैसे पुण्याला पाठवायची घाईही नको. परत आल्यावर तुम्हाला इथे परकीय चलनातलं आरएफसी खातं उघडता येतं, डॉलर डॉलरच ठेवता येतात.

आणखी एक छोटी गोष्ट, गडबडीत राहून जाते म्हणून लिहितो. न्यू जर्सीत गाडी विकली तरी नंबरप्लेट तुमच्याकडेच राहते. ती मोटार वाहन कार्यालयात परत करा, पावती घ्या, विमा त्यानंतर रद्द करा.

ग्राहकाचं उत्तर काय येतं ते मला 15 तारखेच्या आत कळवा. शाखेत यायला ते तयार झाले, तर कोणत्या वारी आणि किती वाजता भेटायचं, ते तुमच्या बँकेची वायर घेण्याची वेळ पाहून आपण ठरवू.